मुका प्रॉम्प्ट आणि ‘बेफिकीर’ मुलं

“प्रॉम्प्ट सजवत बसू नका, आधी काम शिका.”

कमांड लाइन शिकवणाऱ्या वर्गांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणाऱ्याकडे दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असतो, त्यामुळे समोरची मुलं मान डोलावतात. मग त्यांच्या टर्मिनलवर वर्षानुवर्षं तेवढंच दिसत राहतं. वापरणाऱ्याचं नाव, यंत्राचं नाव, फोल्डर आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. आपण गिटच्या कुठल्या ब्रँचवर आहोत, हातात नोंद न केलेलं काम आहे की नाही, एखादा मर्ज अर्धवट राहिला आहे का, यातलं काहीही त्या ओळीत नसतं.

हा सल्ला मला चुकीचा वाटतो. तो निरुपद्रवी आहे, असंही मी मानत नाही. यंत्राला जे ठाऊक आहे ते त्याने सांगायचं नाही, माणसाने सगळं डोक्यात ठेवायचं, आणि तो विसरला की त्यालाच बेफिकीर ठरवायचं, असा हा उफराटा न्याय आहे. त्याची किंमत ज्येष्ठ मोजत नाहीत. ती मोजतात या धंद्यात नुकतीच आलेली मुलं, आणि त्यातही ज्यांच्या घरात पहिल्यांदाच लॅपटॉप आला अशी मुलं. म्हणून वरवर तांत्रिक दिसणारा हा विषय इथे घेतो आहे. आपल्या मोहल्ल्यांतली, तालुक्याच्या गावांतली पोरंही आता या क्षेत्रात शिरली आहेत. त्यांच्या आईबापांनी वाचलं तरी मुद्दा कळावा, अशा बेताने लिहितो.

प्रॉम्प्ट कशासाठी असतो

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माऊसने क्लिक करण्याऐवजी हुकूम लिहून द्यायचा असतो. यंत्र हुकूम घ्यायला तयार आहे, हे सांगणारी छोटी ओळ म्हणजे प्रॉम्प्ट. ती ओळ कशी दिसावी हे ‘पीएस१’ नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं. ते कुणालाही बदलता येतं.

१९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल होता. त्यात साध्या वापरकर्त्याला $ हे चिन्ह दिसे आणि सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ला # हे चिन्ह. रूट म्हणून एक चुकीचा हुकूम दिला तर अख्खं यंत्र झोपू शकतं. बोट एंटरवर जाण्याआधी डोळ्यांना इशारा मिळावा, एवढं काम ते एक चिन्ह करतं. म्हणजे प्रॉम्प्टने धोक्याची खूण दाखवणं ही आजच्या पोरांची हौस नव्हे, ती ४५ वर्षांहून जुनी रीत आहे. आपल्या टेबलावर बसून दूरच्या यंत्रावर काम करण्याची वेळ आली, तेव्हा प्रॉम्प्टमधलं यंत्राचं नाव कामी आलं. फाइली पुसण्याचा हुकूम चुकीच्या फोल्डरात देऊ नये, म्हणून फोल्डरचं नाव कामी आलं. आज ज्याला ‘साधा प्रॉम्प्ट’ म्हणून मिरवलं जातं, तोही गरजेपोटीच भरलेला आहे. मग ही भर नेमकी गिटच्या दाराशी येऊन का थांबवायची?

गिट आलं एप्रिल २००५ मध्ये. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिनक्सच्या कर्नलचं काम सांभाळण्यासाठी लिहिलं. कुणी, कधी, कुठल्या फाइलीत काय बदललं, याची वही गिट ठेवतं. त्या वहीतली एक नोंद म्हणजे कमिट. एकाच कामाच्या समांतर चालणाऱ्या वाटा म्हणजे ब्रँच. गिटच्या आधी अनेक ठिकाणी सबव्हर्जन वापरलं जाई. तिथे ब्रँच म्हणजे एक वेगळं फोल्डरच असे. त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये फोल्डरचा पत्ता दिसला की बहुतेक वेळा ब्रँचही कळून जाई. गिटमध्ये फोल्डर तेच राहतं आणि ब्रँच बदलली की आतल्या फाइली बदलतात. दारावरची पाटी तीच, आतलं सामान वेगळं.

खरी मेख इथे आहे. ‘मी आत्ता कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर गिटने दोन भागांत विभागलं. एक भाग फोल्डर, दुसरा भाग ब्रँच. जुना प्रॉम्प्ट त्यातला पहिलाच भाग सांगतो आणि आपल्याला वाटतं की पूर्ण पत्ता मिळाला. ‘साधा प्रॉम्प्ट’ पुरेसा होता तो काळ वेगळा होता. हत्यार बदललं, खूण बदलली नाही.

‘लक्ष देत जा’

मी ज्या एका कंपनीत काम केलं तिथली गोष्ट. मराठवाड्यातल्या एका छोट्या गावातून आलेली मुलगी, नोकरीचा दुसरा महिना. दोन दिवस ती स्वतःच्या ब्रँचवर काम करत होती. अजून कमिट केलं नव्हतं. दुपारी कुणीतरी तिला म्हणालं, जरा मेन ब्रँचवर जाऊन एक अडचण बघ. तिने ब्रँच बदलली. इथे गिटचा एक स्वभाव ध्यानात घ्या. नोंद न केलेले बदल नव्या ब्रँचवरच्या फाइलींशी टक्कर घेत नसतील, तर गिट ते बदल गुपचूप सोबत घेऊन जातं. तिचं दोन दिवसांचं काम असं तिच्यासोबत मेनवर आलं. जेवणानंतर तिने टीमच्या सूचनापत्राप्रमाणे मेन ‘स्वच्छ’ करण्यासाठी रीसेट हार्डचा हुकूम दिला. काम गेलं.

‘गिटमधून काही हरवत नाही’ असं बेधडक सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जे कमिट झालं ते रीफ्लॉगमधून परत शोधता येतं. जे नुसतं ‘ॲड’ झालं त्याचाही माग खटपट करून लागू शकतो. पण जे ॲडही झालेलं नाही आणि कमिटही नाही, त्याची गिटकडे कुठलीच प्रत नसते. रीसेट हार्डनंतर ते गेलं ते गेलं.

संध्याकाळच्या बैठकीत ज्येष्ठ सहकारी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, “लक्ष देत जा. बेफिकिरी चालणार नाही.” ती काही बोलली नाही. गंमत अशी, की त्याच ज्येष्ठांच्या पडद्यावर ब्रँचचं नाव आणि त्यापुढची चांदणी पिवळ्या रंगात झळकत होती. त्यांनी ती कधीतरी बसवली, सवयीची झाली आणि आता ती तिथे आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांना ते आपलं ‘लक्ष’ वाटत होतं. प्रत्यक्षात लक्ष त्यांचा प्रॉम्प्ट ठेवत होता.

माझा राग या ढोंगावर आहे. अनुभवी माणसाने आपल्या भोवती शंभर छोट्या सोयी उभ्या केलेल्या असतात. नव्याला तो त्या सोयी देत नाही, वर ‘सजावट’ म्हणून त्यांची टिंगल करतो, आणि दोघांच्या कामातला फरक स्वभावाच्या खात्यावर मांडतो. तो दक्ष, ही बेफिकीर. अशा दोन-तीन प्रसंगांनंतर मुलगी स्वतःच मानू लागते की हे काम आपल्यासारख्यांचं नाही. ज्यांना घरात, नात्यात, शेजारी विचारायला कुणी नाही, त्यांच्यावर हा शिक्का लवकर बसतो आणि पुसायला वेळ लागतो.

पॉवरलूमवर बाण्याचा धागा तुटला की यंत्र थांबवणारी सोय एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिला कुणी विणकराचे लाड म्हटलं नाही. धागा तुटलेला दिसत राहावा म्हणून कारागिराने डोळ्यांत तेल घालून बसावं, असा आग्रह हुनराचा आदर करणारा माणूस धरणार नाही.

‘गिट स्टेटस’ आहे की!

पहिला आक्षेप ठरलेला. “स्थिती बघायला गिट स्टेटस हा हुकूम आहे. तो द्यायची सवय लावा.” सवय चांगलीच आहे. पण माणूस स्टेटस कधी विचारतो? शंका आली की. अपघात होतो तो शंका न आल्यामुळे. मेनवर असूनही आपण आपल्याच ब्रँचवर आहोत अशी ज्याची खात्री आहे, तो स्टेटस कशाला विचारेल? न विचारता मिळणारा इशारा आणि विचारल्यावर मिळणारं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात गॅसचा वास येतो म्हणून आपण सावध होतो. वास नसलेल्या गॅससाठी दर पाच मिनिटांनी तपासणी करा, असं कुणी सांगत नाही. उलट स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात.

शिवाय स्टेटसचं उत्तर म्हणजे इंग्रजीतल्या पाच-दहा ओळी. गिटचे संदेश मराठीत किंवा उर्दूत येत नाहीत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला त्या ओळी वाचता येतात, पण घाईत त्यातला नेमका शब्द पकडायला त्याला वेळ लागतो. चांदणी वाचायला भाषा लागत नाही.

त्यातही फाइलीचं नाव देवनागरीत असेल तर बघायलाच नको. गिट मुळात अशी नावं बाइटच्या आकड्यांत छापतं. ‘लेख’ या नावाच्या फाइलीऐवजी \३४०\२४४\२६२ असे नऊ आकडे एकापुढे एक येतात, कारण त्या शब्दाचे तीन घटक आणि प्रत्येकाचे तीन बाइट. ‘कोअर डॉट कोट-पाथ’ नावाची सेटिंग बंद केली की नाव नीट दिसतं. ही एका ओळीची सोयसुद्धा किती वर्गांत सांगतात? आपल्या लिपीत फाइलीला नाव देणाऱ्या मुलाला बहुतेक ठिकाणी मिळतं ते उत्तर म्हणजे “नावं इंग्रजीत दे ना.”

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. “आयत्या खुणा दिल्या की मुलं मूळ शिकत नाहीत.” माझा अनुभव नेमका उलट आहे. नव्या मुलांना गिटमध्ये सर्वांत अवघड जाते ती मधली पायरी. फाइल बदलणं, ती नोंदीसाठी पुढे ठेवणं आणि प्रत्यक्ष नोंद करणं, असे हे तीन टप्पे. फळ्यावर कितीही चौकोन काढले तरी ते डोक्यात बसत नाहीत. प्रॉम्प्टमध्ये खुणा असतील तर फाइल बदलताच ब्रँचच्या नावापुढे * उमटते. ॲड केलं की तिच्या जागी + येतं. कमिट केलं की दोन्ही गायब. अर्धी फाइल ॲड करून पुन्हा बदलली तर दोन्ही खुणा एकदम दिसतात, आणि मुलगा स्वतःच विचारतो, “सर, हे दोन्ही कसं काय?” त्या प्रश्नावर पुढचा अर्धा तास शिकवता येतं. मूळ शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

तिसरा आक्षेप, “एडिटर दाखवतो ना ब्रँच!” दाखवतो, खालच्या कोपऱ्यात. पण काम पुसणारे हुकूम टर्मिनलमध्ये दिले जातात, आणि नजर तिथे असते. दूरच्या सर्व्हरवर शिरल्यावर तर एडिटरची खिडकी सोबत येतेच असं नाही. इशारा जिथे हात आहे तिथे हवा.

चौथा आक्षेप वेगाचा. तो खोटा नाही. प्रत्येक एंटरनंतर प्रॉम्प्ट गिटला विचारणार, गिट फाइली तपासणार, मग ओळ उमटणार. लिनक्स कर्नलसारख्या ७० हजारांहून जास्त फाइलींच्या कामात आणि जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर ही ढकलगाडी होते. पण म्हणून सगळं बंद करायचं कारण नाही. नुसतं ब्रँचचं नाव दाखवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, कारण ते एका छोट्या फाइलीतून वाचलं जातं. खर्च चांदणीचा आणि त्याहून जास्त नव्या, अनोळखी फाइली शोधण्याचा. ज्या एका रिपॉझिटरीत त्रास होतो तिथे तेवढी खूण बंद करायची सोय आहे. सेकंडहँड लॅपटॉपवाल्या मुलाला ही निवड समजावून सांगा. निवडच काढून घेऊ नका.

दुसऱ्या टोकाचे शहाणे

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘सजावट’ या आरोपाला खतपाणी तीच घालते. समाजमाध्यमांवर ज्यांच्या टर्मिनलची छायाचित्रं फिरतात, त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये ब्रँच असते, हवामान असतं, बॅटरी असते, पायथनची आवृत्ती असते, घड्याळ असतं आणि डझनभर चित्रं असतात. ती चित्रं दिसावीत म्हणून वेगळा फाँट उतरवावा लागतो. दहा गोष्टी एकदम ओरडू लागल्या की कुठलीच ऐकू येत नाही. चांदणीचा इशारा त्या जत्रेत हरवतो. हा प्रॉम्प्ट बोलका असून मुक्यासारखाच निरुपयोगी ठरतो.

शिवाय हे सामान येतं कुठून? ‘ओह माय झेडएसएच’ हा २००९ पासूनचा प्रसिद्ध संच बसवायची जी पद्धत सगळीकडे सांगितली जाते, तीत इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट उतरवून न वाचता थेट शेलच्या हवाली करायची असते. तो संच प्रामाणिक लोकांचा आहे, प्रश्न त्यांच्या नियतीचा नाही. प्रश्न सवयीचा आहे. हीच सवय उद्या कुणाच्याही पानावरून काहीही चालवायला लावते. ‘पॉवरलेव्हल१०के’ ही अतिशय वेगवान आणि लोकप्रिय थीम घ्या. तिच्या कर्त्याने स्वतःच जाहीर केलं आहे की आता नवीन काही येणार नाही आणि बहुतेक दोष दुरुस्त होणार नाहीत. दुसऱ्याच्या वेळेवर आणि मेहनतीवर आपला त्यात हक्क नाही, त्यामुळे तक्रारही नाही. पण आपल्या रोजच्या इशाऱ्याची दोरी कुणाच्या हातात आहे, हे माहीत असावं.

यातून माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. प्रॉम्प्टमध्ये गिट चालवणं धोक्याचं ठरू शकतं. हे खरं आहे, आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही.

१२ एप्रिल २०२२ रोजी गिटची २.३५.२ ही आवृत्ती आली ती याच कारणाने. दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२४७६५. गिट आपली वही शोधताना आत्ताच्या फोल्डरपासून वर वर चढत जातं. अनेक जण वापरतात अशा यंत्रावर एखाद्याने वरच्या सामायिक फोल्डरात आपली गिटची वही पेरून ठेवली, तर तिच्या सेटिंगमध्ये त्याला हवा तो हुकूम लिहिता येत होता. दुसरा माणूस तिथल्या एखाद्या फोल्डरात नुसता शिरला, आणि त्याच्या प्रॉम्प्टने गिटला स्थिती विचारली, की तो हुकूम चालत होता. त्याने स्वतः काहीही टाइप न करता. दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या मालकीच्या वहीत काम करायला गिट नकार देतं. तुम्ही स्वतः तो पत्ता सुरक्षित म्हणून नोंदवला तरच पुढे जातं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत झेडएसएचची ५.८.१ ही आवृत्ती आली. तिने प्रॉम्प्टमध्ये दाखवल्या जाणाऱ्या मजकुराचा पुन्हा हुकूम म्हणून अर्थ लावला जाण्याचा दोष बुजवला. गिटच्या स्वतःच्या प्रॉम्प्ट-स्क्रिप्टमध्येही २०१४ साली अशीच दुरुस्ती झाली. ब्रँचच्या नावात डॉलर आणि कंस चालतात, त्यामुळे कुणीतरी नावातच हुकूम दडवून ठेवू शकत होता.

मग प्रॉम्प्ट मुकाच बरा का? मला तसं वाटत नाही. या तिन्ही दोषांचा धडा असा की प्रॉम्प्ट हा दर एंटरला आपल्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम आहे. तो लहान असावा, वाचलेला असावा आणि अद्ययावत असावा. ‘सजावट’ म्हणून हिणवणारे नेमकं हेच शिकवत नाहीत. प्रॉम्प्ट ही फालतू गोष्ट आहे असं एकदा सांगितलं, की मुलं ती फालतू गोष्टीसारखीच हाताळतात. कुठूनही उचलतात, न वाचता चिकटवतात. गांभीर्याने शिकवलं तर गांभीर्याने बसवतील. बाकी सामायिक यंत्रांवर, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये, जुनं गिट ठेवणं हा प्रॉम्प्टचा नव्हे, लॅब सांभाळणाऱ्यांचा दोष.

चार खुणा पुरतात

मग बसवायचं काय? यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. शॉन पिअर्स यांनी २००६-०७ मध्ये सुरू केलेली प्रॉम्प्टची छोटी स्क्रिप्ट गिटच्या मूळ सामानातच येते. बॅश वापरणाऱ्याने सुरुवातीच्या फाइलीत ती ओढून घ्यायची आणि पीएस१ मध्ये तिचं फंक्शन बसवायचं. झेडएसएचमध्ये ‘व्हीसीएस इन्फो’ आणि फिशमध्येही अशी सोय अंगभूत आहे. विंडोजवर गिट बॅश बसवलं तर ब्रँचचं नाव आपोआपच दिसतं. ज्यांनी ते बनवलं त्यांना जे कळलं, ते आपल्या प्रशिक्षकांना अजून कळायचं आहे. पॉवरशेलवाल्यांसाठी ‘पॉश-गिट’ आहे.

ब्रँचचं नाव ही पहिली खूण. * म्हणजे बदल आहेत, पण पुढे ठेवलेले नाहीत. + म्हणजे पुढे ठेवले, नोंद बाकी. $ म्हणजे स्टॅशमध्ये काहीतरी बाजूला टाकून ठेवलं आहे आणि तुम्ही ते विसरला असण्याची शक्यता आहे. एवढ्या चारांवर माणूस वर्षानुवर्षं काम करू शकतो. मर्ज किंवा रीबेस अर्धवट राहिला असेल तर ही स्क्रिप्ट ते शब्दांत सांगते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सर्व्हरच्या पुढे-मागे असण्याच्या < आणि > या खुणाही मिळतात. नव्या मुलांना मी त्या नंतर द्यायला सांगतो. कारण पुढच्याच मुद्द्यात येतं.

खोटं बोलणारा प्रॉम्प्ट मुक्या प्रॉम्प्टहून वाईट. तो कसा खोटं बोलतो, हे बसवतानाच शिकलं पाहिजे. पीएस१ लिहिताना एकेरी अवतरणाऐवजी दुहेरी वापरलं, तर फंक्शन एकदाच, टर्मिनल उघडताना चालतं. मग तुम्ही कितीही ब्रँच बदला, वर जुनंच नाव गोठून राहतं. रंग देताना रंगाच्या खुणा ठरलेल्या कंसांत गुंडाळल्या नाहीत, तर ओळीची लांबी मोजण्यात बॅश चुकतो आणि लांब हुकूम स्वतःवरच चढतो. दोन खिडक्या उघड्या असतील आणि एकीत ब्रँच बदलली, तर दुसरीतली ओळ एंटर मारेपर्यंत शिळी असते. आणि सर्व्हरशी बरोबरी दाखवणारी = ही खूण मागच्या वेळी फेच केलं त्या क्षणापुरती खरी असते. सहकाऱ्याने पाच मिनिटांपूर्वी काय पाठवलं, ते प्रॉम्प्टला माहीत नसतं. तो नेटवर जाऊन विचारत नाही, विचारूही नये.

ही यादी वाचून कुणी म्हणेल, इतकं सगळं शिकायचं तर मग सोय कसली? पण हे सगळं मिळून एका तासाचं शिक्षण आहे. त्या तासात मुलगा शेल सुरू कसा होतो, अवतरणांनी काय फरक पडतो, गिट कुठली गोष्ट कुठे ठेवतं आणि ‘माहीत असणं’ व ‘मागच्या वेळी माहीत असणं’ यांत अंतर काय, हे शिकतो. शागिर्दाला आधी हत्यारं लावायला शिकवणाऱ्या उस्तादाला आपण वेळखाऊ म्हणत नाही.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. गिट शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासाला, पहिल्या कमिटच्या आधी, मुलांच्या प्रॉम्प्टमध्ये ब्रँच आणि चांदणी आणावी, आणि ती त्यांच्याच हातांनी लिहून घ्यावी. कंपन्यांनी नव्या माणसाला लॅपटॉप देताना ही दहा ओळींची फाइल त्याच्या शेजारी बसून समजावून द्यावी, आणि रीसेट हार्डसारखा हुकूम सूचनापत्रात लिहिताना त्याच्या वर ‘आधी खूण बघा’ एवढं लिहावं. मुलांनी कुणाचा चकचकीत प्रॉम्प्ट उचलण्यापेक्षा जेवढं वाचून समजेल तेवढंच बसवावं, आणि गिट अद्ययावत ठेवावं.

आणि ज्येष्ठांनी पुढच्या वेळी कुणाचं काम गेलं, तर बैठकीत तोंड उघडण्याआधी त्याच्या टर्मिनलकडे एकदा पाहावं. तिथे नुसताच $ असेल, तर ‘लक्ष देत जा’ हे वाक्य आधी स्वतःला ऐकवावं.